मिश्र मत्स्यटाकीची पूर्वपीठिका

काचेवरील उत्पादनशुल्क १८४५ मध्ये रद्द झाल्यानंतर ब्रिटनमध्ये काच स्वस्त झाली आणि काचपात्रात जलचर पाळण्याची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र गोड्या पाण्यात कोणते जीव एकमेकांसोबत तग धरतील, हा प्रश्न प्रयोगाने तपासण्याचे श्रेय मुख्यतः रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. वॉरिंग्टन यांनी सुमारे ५४ लिटरच्या पात्रात वाळू व दगड घालून दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. वनस्पतीने प्रकाशात सोडलेला प्राणवायू माशांनी घ्यावा आणि माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने वापरावा, अशी ही मांडणी होती. परंतु जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून त्यात सोडल्या. गोगलगायींनी सडकी पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांच्या पोटात गेली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडल्या गेलेल्या या यशस्वी सहजीवनात एका घटकाची संतती दुसऱ्याचा आहार होती, हे विसरून चालणार नाही.

प्राणवायूच्या या हिशेबात एक बाजू मात्र राहून गेली होती. मासे अमोनिया हे विषारी द्रव्य उत्सर्जित करतात. वाळूत व दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही क्रिया दोन टप्प्यांत घडते, हे रोदॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करताना दाखवून दिले ते वॉरिंग्टन यांच्याच मुलाने, ज्याचे नावही रॉबर्टच होते. वडिलांच्या पात्रातले गोल्डफिश जगले त्यात या अदृश्य जिवाणूंचा वाटा असणार, हे उघड आहे.

माशांच्या स्वभावाचा प्रश्न ऐरणीवर आला तो आशियातील पॅराडाइज फिश युरोपात पोहोचल्यावर. पिएर कार्बोनिए यांनी १८६९ मध्ये पॅरिसमध्ये या माशाची पैदास केली. कल्ल्यांजवळच्या घडीदार श्वसनेंद्रियामुळे तो पृष्ठभागावरील हवा थेट घेऊ शकतो आणि कोंदट पाण्यातही निभावून नेतो, पण त्याचे नर आपसांत झुंजतात आणि इतर माशांनाही छळतात. पाणी मानवले म्हणजे शेजारीही मानवेल, हे गृहीतक त्यामुळे टिकणारे नव्हते.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन हौशी मत्स्यपालकांनी उष्ण कटिबंधातील मासे मोठ्या प्रमाणावर मागवले आणि तापमानाचा निकष अटळ झाला, कारण थंड पाण्यात रमणारा गोल्डफिश आणि उबदार पाण्याचे हे पाहुणे एकाच टाकीत सुखाने राहत नाहीत. १९३६ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला निऑन टेट्रा आणि त्याआधीच जर्मनीत आलेला एंजलफिश हे दोन्ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. दोघांनाही उबदार, क्षार कमी असलेले, किंचित आम्लधर्मी पाणी भावते. तथापि निऑन जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा सडपातळ मासा आहे, तर एंजलफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो. त्यामुळे विकत आणताना नाण्याएवढे असलेले एंजलफिशचे पिल्लू पूर्ण वाढले की पाण्याचे सारे निकष जुळूनही टाकीतले निऑन एकेक करून कमी होऊ लागतात.