डबा गेला, शिक्का राहिला : लेटरबॉक्सिंगची कहाणी

१/ इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे ओसाड, दलदलीचे पठार आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने या पठाराच्या अतिदुर्गम भागात, क्रॅनमियर पूल येथे, दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. ‘लेटरबॉक्सिंग’ या छंदाचा उगम त्या बाटलीत आहे.

२/ क्रॅनमियरला रस्ता जात नव्हता. दलदल तुडवत जो तिथवर पोहोचे, तो आपल्या नावाचे कार्ड बाटलीत टाकून परते. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड तेथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ते उचलून टपालात टाकायचे, असा संकेत रुळला. छंदाचे नाव त्यावरून पडले.

३/ विसाव्या शतकात बाटलीच्या जागी डबा आला. डब्यात नोंदवही आणि रबरी शिक्का असे. शोधणाऱ्याने स्वतःचा शिक्का त्या वहीत उमटवायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत. पाहता पाहता डार्टमूरवर असे हजारो डबे लपवले गेले.

४/ येथेच पेच निर्माण झाला. डार्टमूरवर कांस्ययुगीन शिलावर्तुळे आणि दफनराशी आहेत. डबा लपवणारा एकच दगड हलवतो. शोधणारे मात्र शंभर दगड उलथतात. त्यामुळे प्राचीन अवशेषांत डबा ठेवू नये, जमीन खणू नये, असे नियम या छंदाला घालून घ्यावे लागले.

५/ १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकातील एका लेखामुळे हा छंद अमेरिकेत पसरला. २००० साली उपग्रहाच्या साहाय्याने डबे शोधण्याचा ‘जिओकॅशिंग’ हा खेळही सुरू झाला. तेथील राष्ट्रीय उद्यानांचा नियम मात्र कडक होता : कोणतीही वस्तू २४ तासांहून अधिक काळ बेवारस ठेवता येत नाही. परवानगीवाचून ठेवलेला डबा या नियमात बसणे शक्यच नव्हते.

६/ छंद तेथे संपला नाही. त्याने रूप बदलले. पहिला मार्ग कोड्याचा. उद्यानातील स्मृतिफलकावरील सन किंवा अक्षरे टिपून घ्यायची. तेच उत्तर पोहोचल्याचा पुरावा ठरते. कधी त्या आकड्यांतून उद्यानाच्या हद्दीबाहेर, परवानगीने ठेवलेल्या डब्याचा ठावठिकाणा उलगडतो.

७/ दुसरा मार्ग चालत्या डब्याचा. शिक्का जमिनीत न लपवता माणूसच तो खिशात बाळगतो. योग्य व्यक्ती ओळखून तिला ठरलेला परवलीचा शब्द सांगितला की शिक्का मिळतो. येथे दगड उलथण्याऐवजी अनोळखी माणसाशी बोलावे लागते.

८/ तिसरा मार्ग भूगर्भाचा. २००४ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने ‘अर्थकॅश’ सुरू झाले. त्यात डबा नसतोच. खडकाचे थर मोजायचे, जीवाश्म न्याहाळायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची. असा पहिला अर्थकॅश ऑस्ट्रेलियातील मुरामारांग राष्ट्रीय उद्यानात झाला.

९/ चौथा मार्ग उद्यानांनीच खुला केला होता, तोही १९८६ सालापासून. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांसाठी ‘पासपोर्ट’ नावाची पुस्तिका निघाली. अभ्यागत केंद्रात जायचे आणि स्थळाचे नाव व तारीख असलेला शिक्का तिच्यात स्वहस्ते उमटवायचा. लपवाछपवी नाही, पण वही भरण्याचा आनंद तोच.

१०/ या साऱ्या प्रवासात एक गोष्ट उलटी झाली. १८५४ साली पाहुणा आपली खूण स्थळावर ठेवून येत असे. आज ज्या ठिकाणी डब्यांना बंदी आहे, तेथे स्थळ आपली खूण पाहुण्याच्या वहीत उमटवते. ‘मी येथे आलो होतो’ हे सांगण्याची ओढ जुनीच आहे. त्यासाठी दगड हलवण्याची गरज नव्हती, हे कळायला मात्र दीड शतक लागले.