मुकी हिमगौरी

हिमगौरीची कथा ग्रिमबंधूंनी १८१२ साली छापली आणि १९३७ साली डिस्नेने तिला गायला लावले. पाब्लो बर्गर या स्पॅनिश दिग्दर्शकाने २०१२ साली ‘ब्लांकानिएवेस’मध्ये तिला पुन्हा मुके केले, रंगही काढून घेतले. आदल्याच वर्षी ‘द आर्टिस्ट’ हा फ्रेंच मूकपट आला होता, म्हणून पुष्कळांना ही नक्कल वाटली. पण बर्गर त्याच्या कितीतरी आधीपासून निर्मात्यांचे उंबरठे झिजवीत होते. घरची कथा असली की शब्द थोडे पुरतात. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्या मुंबईकरांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

येथे राजवाडा नाही. १९२० च्या सुमाराचा अंदालुसिया आहे. बाप बैलांशी झुंजणारा नामांकित वीर; छायाचित्रकाराचा दिवा लखकन चमकतो, त्याची नजर ढळते आणि बैलाच्या शिंगाने तो जन्माचा पंगू होतो. त्याची परिचारिकाच पुढे सावत्र आई होते. तिचा जादूचा आरसा म्हणजे नियतकालिकाचे मुखपृष्ठ!

बुटकेही झुंजणारेच. पडद्यावर ते सहा, जाहिरातीत मात्र सात! हे हसण्यावारी नेऊ नये. असे ताफे स्पेनमध्ये खरोखर गावोगाव हिंडत, आणि अपंगांची टर उडविणाऱ्या खेळांवर तेथे २०२३ साली कायद्याने बंदी आली.

चित्रपटाला दहा गोया पारितोषिके मिळाली. पण मला छळतो तो शेवट. काचेच्या पेटीतील मुलगी जत्रेत मांडली आहे, पैसे मोजून लोक तिचे चुंबन घेतात. ती जागी होत नाही. रात्री सारे पांगल्यावर तिच्या मिटल्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो.