धामणगावच्या पुढचा रस्ता : वऱ्हाडी कापूस आणि १८९३ चे भाडेयुद्ध

१८९० च्या दशकात यवतमाळ हे तत्कालीन वणी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पण तेथे रेल्वे नव्हती. कापसाच्या बैलगाड्या सुमारे ४५ किलोमीटरवरील धामणगाव स्थानक गाठीत. तेथून माल मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने परदेशी जाई. यांतला समुद्राचा टप्पा सर्वांत लांबचा, आणि सर्वांत पराधीन.

वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. अमेरिकेतील यादवी १८६५ मध्ये संपताच लँकेशायर पुन्हा अमेरिकन कापसाकडे वळले. पुढे जपानच्या नव्या गिरण्यांत या कापसाला मोठे गिऱ्हाईक मिळाले. अडसर होता तो जहाजभाड्याचा. मुंबई ते पूर्वेकडील वाहतूक पी. अँड ओ. ही ब्रिटिश कंपनी आणि तिच्या ऑस्ट्रियन व इटालियन साथीदारांच्या मुठीत होती. दर ते ठरवीत.

नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांनी ही मूठ सोडवण्याचे ठरविले. १८९३ मध्ये ते जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी करार केला आणि भाड्याने घेतलेल्या जहाजांवर ‘टाटा लाइन’ सुरू केली. दर टनामागे १२ रुपये.

पी. अँड ओ.ने आपला दर दीड रुपयावर आणला! शिवाय टाटांच्या किंवा जपानी जहाजांशी आपला संबंध नाही, असे लिहून देणाऱ्या व्यापाऱ्यांना खास सूट. ज्यांच्या हितासाठी हा खटाटोप, त्यांतलेच अनेक गिरणीमालक स्वस्त भाड्याकडे धावले. त्यांना सर्वस्वी दोष देणेही कठीण. दीड रुपया हा दीड रुपयाच. टाटांनी पत्रक काढून सरकारकडे दाद मागितली. टपालवाहतुकीपोटी सरकारी पैसा घेणारी कंपनी देशी उद्योग बुडवीत होती, हे त्यांचे दुखणे होते. दाद लागली नाही. टाटा लाइन बंद पडली.

जपानी कंपनी मात्र तगली. तिच्यामागे आपलाच कापूस आपल्याच जहाजांतून आणण्याचे वचन देणारा जपानी सूतगिरण्यांचा संघ होता आणि १८९६ पासून सरकारी अनुदानाचा कायदाही. मुंबईच्या गिरणीमालकांत तशी एकी नव्हती, सरकार तर परकेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी धावू लागली. तीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली. बैलगाडीचा लांबचा फेरा टळला. हा मार्ग उभारला किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने.