अवेळी फुललेला निवडुंग आणि वसंताच्या खुणा

पौष-माघाच्या सुमारास सुरतेतल्या एखाद्या घरी गॅलरीतल्या कुंडीत निवडुंगाला फूल येते आणि घरात दोन मते पडतात. कोणी म्हणते, यंदा वसंत लवकर आला. कोणी म्हणते, अवेळी फूल म्हणजे काहीतरी संकेत असणार. आपल्या कुटुंबांत वारंवार निघणारा हा विषय आहे, म्हणून त्याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

आधी झाड ओळखा

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण दोन निराळ्या कुळांतल्या झाडांना वापरतो. शेर, तिधारी निवडुंग हे एरंडाच्या कुळातले. त्यांचा तुकडा मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांना तर जरूर सांगून ठेवावे. खरे कॅक्टस मुळात अमेरिका खंडातले. त्यांचे काटे लहान लवदार ठिपक्यांतून झुबक्याने येतात. गुजरातीत ज्याला ‘हाथलो थोर’ म्हणतात तो फड्या निवडुंग असा खरा कॅक्टस आहे.

लाल-गुलाबी फुलांचे काटेरी ‘युफोर्बिया’ अनेक घरी असते. ते कॅक्टस नव्हे आणि पुरेसे ऊन मिळाले तर जवळजवळ बारा महिने फुलते. त्यामुळे त्याच्या फुलाला ‘अवेळी’ म्हणता येत नाही. ‘मून कॅक्टस’चा लाल-पिवळा गोळा हेही फूल नव्हे, ते दुसऱ्या कॅक्टसवर केलेले कलम असते. काही वेळा विकायच्या कुंडीत सुकी रंगीत फुले चक्क डिंकाने चिकटवलेली असतात. महिनाभर न कोमेजणारे फूल दिसले तर आधी हे तपासावे.

फूल अवेळी का येते?

कॅक्टसला पंचांग कळत नाही. ऊब, पाणी आणि दिवसाची लांबी एवढेच त्याला कळते. कुंडीतल्या बऱ्याच लहान कॅक्टसना थंड, कोरडा हिवाळा विश्रांतीसाठी मिळाला की त्यानंतरच्या उबेत कळ्या धरतात. सुरतेत जानेवारीतही दुपारचे तापमान 30 अंशांच्या आसपास असते. त्यात आपण नेमाने पाणी घालतो. मग झाडाची विश्रांती मोडते आणि वेळापत्रक पुढेमागे होते.

प्रकाशाचेही तसेच. सुरतेत सर्वांत लहान दिवस सुमारे 10 तास 50 मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे 13 तास 25 मिनिटांचा असतो. ड्रॅगन फ्रूट हेही कॅक्टसच. 2021 च्या जानेवारीत गुजरात सरकारने त्याला ‘कमलम’ हे नाव दिले. ते मोठ्या दिवसांत फुलते. म्हणूनच व्हिएतनाममधले शेतकरी हिवाळ्यात रात्री बागेत दिवे लावून त्याला अवेळी फुले आणतात. तिथे फूल अवेळी येते ते माणसाच्या हिशेबाने, कुठल्या शकुनाने नव्हे.

आपले ब्रह्मकमळ

घरोघरी जपलेले ब्रह्मकमळ हाही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा कॅक्टसच आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचे राज्यफूल, हे वेगळे झाड. आपल्याकडचे ब्रह्मकमळ मुख्यत: पावसाळ्यात, रात्री उमलते आणि पहाटेपर्यंत मिटते. आपण ज्याला त्याचे पान म्हणतो ते खरे तर चपटे खोड. फूल त्याच्याच खाचेतून येते. फुललेल्या रात्री शेजाऱ्यांना बोलवावे, हवी तर पूजा करावी. त्या आनंदात काहीच उणे नाही. पण ते मार्चमध्ये फुलले म्हणून घाबरण्याचे कारण नाही आणि सप्टेंबरमध्ये फुलले म्हणून वसंतही येत नाही.

मग वसंत कुठे पाहायचा?

ज्या झाडांना आपण पाणी घालत नाही, त्यांच्याकडे. काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते. पांगारा फुलतो. होळीच्या आसपास पळस पेटतो. इथल्या गुजराती शेजाऱ्यांचा हाच ‘केसुडो’, याच्या फुलांचा केशरी रंग होळीला वापरतात. चैत्रात कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहर येतो, तोच आपण पाडव्याला तोंडात घालतो. शेजाऱ्यांचे नवे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते, आपले वसंतात. म्हणून या खुणा ओळखता येणे आपल्याला अधिक जवळचे.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली भागात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी घरे खानदेशातली. त्या घरांतल्या आजी-आजोबांना बांधावरचा पळस पाहून दिवस कळत. इथे फ्लॅटमध्ये वाढलेल्या नातवंडांना कुंडीच तेवढी दिसते. शिमग्याला गावी जाताना भुसावळच्या गाडीत सोनगड ते नवापूरदरम्यान मुलांना खिडकीशी बसवा. नवापूरचा फलाट दोन राज्यांत विभागलेला आहे, हे मुले लक्षात ठेवतातच. त्याच्या अलीकडे-पलीकडे पळस मात्र एकच आहे, हेही त्यांना दाखवा.

एक वही ठेवूया

झाडे एखाद्या वर्षी पंधरवडाभर पुढेमागे होतातच. एका वर्षावरून ऋतू बदलला असे म्हणता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. आमची विनंती एवढीच की प्रत्येक घराने एक वही ठेवावी. घराजवळचे एकच झाड निवडावे. पहिली कळी, पहिले फूल, नवी पालवी यांच्या तारखा लिहाव्यात. कुंडीतला निवडुंग अवेळी फुलला तर तेही लिहावे. मात्र सोबत पाणी किती घातले, ऊन किती मिळाले आणि रात्री जवळ दिवा असतो का, हेही नोंदवावे. वही आजोबांनी सुरू करावी आणि नातवंडांनी पुढे चालवावी. दहा वर्षांनी वसंत लवकर आला की नाही, हा वाद घरातच मिटेल.