गोसफोर्थची बुगाटी: धुळीखाली दडलेले कोट्यवधी

इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल शहराला लागून असलेल्या गोसफोर्थ या उपनगरात एका निवृत्त शल्यविशारदाचे निधन झाले. वारसांनी त्यांचे गॅरेज उघडले, तेव्हा आत धुळीने माखलेली, टायरमधील हवा गेलेली एक ठेंगणी मोटार उभी होती. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून ती जागची हललेली नव्हती. ती १९३७ सालची बुगाटी ‘टाइप ५७ एस अटलांत’ होती. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिस येथे बॉनहॅम्स संस्थेच्या लिलावात तिला ३४ लाख १७ हजार ५०० युरो मिळाले. तेव्हाच्या दराने ही रक्कम २१ कोटी रुपयांच्या घरात जाते. जगभर मंदीचे सावट असतानाची ही किंमत, तीही तातडीने रस्त्यावर धावण्याच्या अवस्थेत नसलेल्या मोटारीची!

या किमतीचा उलगडा मोटारीच्या पूर्वेतिहासात होतो. फ्रान्समधील अल्सास प्रांतात मोल्सहाइम येथे एतोरे बुगाटी यांचा कारखाना होता. ‘टाइप ५७’ ही मालिका मुख्यत्वे त्यांचे पुत्र जाँ बुगाटी यांच्या कल्पकतेतून साकारली. तिचा ‘एस’ हा प्रकार अधिक ठेंगणा होता. मागचा आस थेट चेसिसच्या चौकटीतून आरपार नेल्यामुळे मोटार जमिनीलगत बसली. ३२५७ घनसेंटिमीटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे इंजिन तिला ताशी १९० किलोमीटरच्या पुढे नेऊ शके. १९३७ साली बहुसंख्य मोटारी याच्या निम्म्या वेगातही धापा टाकत असत. ‘५७ एस’च्या चेसिस चाळीसच्या आसपासच तयार झाल्या आणि त्यांपैकी ‘अटलांत’ बांधणीच्या अवघ्या १७.

गोसफोर्थच्या मोटारीचा चेसिस क्रमांक ५७५०२. तिचे पहिले मालक होते अर्ल हाउ. ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचे हे पहिले अध्यक्ष आणि १९३१ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीचे विजेते. त्यांनी ही मोटार सुमारे आठ वर्षे वापरली. पुढे ती काही हातांतून फिरत १९५५ मध्ये शल्यविशारदांकडे आली. मोजकी वर्षे चालवून त्यांनी ती गॅरेजमध्ये उभी केली. मीटरवर २६,२८४ मैलांची नोंद होती.

तिच्यासारख्या मोटारी विस्मृतीत का गेल्या, याचे उत्तर फारसे गूढ नाही. महायुद्धानंतर युरोपात पेट्रोलची टंचाई होती, सुटे भाग मिळत नव्हते आणि २० वर्षांपूर्वीची आलिशान मोटार म्हणजे निव्वळ खर्चिक जुनी गाडी, अशीच लोकभावना होती. बुगाटीचीच महाकाय ‘रोयाल’ घ्या. जगात या मोटारी सहाच बनल्या. त्यांपैकी एक १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या भंगारखान्यातून जनरल मोटर्सचे अभियंते चार्ल्स चेन यांनी सुमारे ४०० डॉलरला उचलली. आज ती अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाची शान आहे.

जुन्या मोटारींचे दर्दी खरेदीपूर्वी सर्वप्रथम क्रमांक पाहतात. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे चारही मूळ जोडीचे आहेत काय, सांगाडा त्याच मोटारीचा आहे काय, मालकांची साखळी कागदोपत्री अखंड आहे काय? त्या काळी धनिक मंडळी चेसिस एका ठिकाणी घेऊन तिच्यावर सांगाडा दुसऱ्याकडून चढवून घेत. पुढे मोडतोड झाली की एकीचे इंजिन दुसरीत जाई. परिणामी अस्सल जोडी दुर्मिळ झाली. गॅरेजमध्ये अर्धशतक पडून राहिलेल्या मोटारीला मात्र कोणाचाच हात लागलेला नसतो. नव्याने रंग देता येतो, कातडी आसने पुन्हा शिवता येतात. पण एकदा खरवडून काढलेला मूळ रंग परत आणता येत नाही. मालकाचे दुर्लक्षच येथे मोटारीचे रक्षण करते, हा विरोधाभास मजेशीर खरा. अर्थात ओलसर जागेत हेच दुर्लक्ष मोटारीला खाऊन टाकते, हेही तितकेच खरे.

तरीही गंजाचेसुद्धा मोल होऊ शकते. स्वित्झर्लंडमधील आस्कोना गावाजवळ माज्जोरे सरोवराच्या तळाशी ५० मीटरहून अधिक खोलीवर १९२५ ची बुगाटी ‘ब्रेशिया’ कित्येक दशके पडून होती. आयातशुल्क न भरल्यामुळे ती अधिकाऱ्यांनी पाण्यात सोडली, असे सांगतात. जुलै २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली, तेव्हा तिची एक बाजू जवळपास झिजून गेली होती. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसलाच तिचा लिलाव झाला आणि २ लाख ६० हजार ५०० युरोची बोली लागली. अमेरिकेतील मलिन संग्रहालयाने ती घेतली व डागडुजी न करता, गंजलेल्या अवस्थेतच प्रदर्शनात मांडली.

‘५७ एस’च्या चेसिसवरच जाँ बुगाटी यांनी ‘अटलांटिक’ नावाच्या चार मोटारी घडवल्या. त्यांपैकी तीन आज अस्तित्वात आहेत. चौथी, चेसिस क्रमांक ५७४५३ ची काळी मोटार, खुद्द जाँ वापरत. ऑगस्ट १९३९ मध्ये मोल्सहाइमजवळ दुसऱ्या एका मोटारीची चाचणी घेताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. जर्मन फौजांच्या आक्रमणाच्या काळात कारखान्यातील मोटारी बोर्दो शहराकडे हलवण्यात आल्या. त्या यादीनंतर ५७४५३ चा माग लागत नाही. ती सापडल्यास १० कोटी युरोहून अधिक किंमत येईल, असा जाणकारांचा अंदाज असल्याचे बुगाटी कंपनीने २०१९ मध्ये सांगितले होते. फ्रान्समधील जुन्या कोठारांत तिचा शोध घेणारे आजही आहेत.