मल्टिकास्ट राउटिंग : एक प्रवाह, अनेक चाऱ्या

नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूरच्या शिवारात जातो. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून शेत असा पाण्याचा प्रवास असतो. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरला, तरच त्याचे नाव पाळीपत्रकात लागते. संगणकाच्या जाळ्यात एकच चित्र वा आवाज एकाच वेळी अनेकांना पोहोचविणाऱ्या 'मल्टिकास्ट' पद्धतीचे तत्त्वही असेच आहे. ज्याने मागणी केली, त्याच्याकडेच प्रवाह वळतो.

गरज कशासाठी?

समजा, बारामतीतील एखाद्या महाविद्यालयातील व्याख्यान इंदापूर तालुक्यातील ४० केंद्रांवर थेट दाखवायचे आहे. चित्रप्रवाह सेकंदाला २ मेगाबिटचा असेल आणि प्रत्येक केंद्राला स्वतंत्र प्रत पाठविली, तर बारामतीहून निघणाऱ्या वाहिनीवर ८० मेगाबिटचा भार पडतो. वाहिनी अरुंद असल्यास चित्र अडखळते, आवाज तुटतो. मल्टिकास्टमध्ये मात्र त्या वाहिनीवरून एकच प्रत, म्हणजे २ मेगाबिटच जातात. जेथे फाटा फुटतो, तेथेच राउटर तिची आणखी प्रत काढतो.

या पद्धतीचा पाया स्टीव्ह डीअरिंग यांनी घातला. तिचे प्रमाणभूत वर्णन १९८९ साली प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये सॅन दिएगो येथील बैठकीचा आवाज या मार्गाने इंटरनेटवर प्रसारित करण्यात आला.

पत्ता आणि मागणी

मल्टिकास्टचा पत्ता एका संगणकाचा नसून गटाचा असतो. त्यासाठी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ ही श्रेणी राखून ठेवली आहे. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते योग्य ठरतात. गटात सामील होऊ इच्छिणारा संगणक 'आयजीएमपी' या नियमावलीने जवळच्या राउटरला तसे कळवितो. हा त्याचा सात नंबरचा अर्जच! राउटर ती मागणी 'पीआयएम' द्वारे वरच्या राउटरकडे पाठवितो. म्हणजे मागणी शेपटाकडून मुखाकडे जाते आणि प्रवाह मुखाकडून शेपटाकडे येतो.

जोडणीचे टप्पे

१. सर्वप्रथम साधे राउटिंग निर्दोष असल्याची खात्री करावी. त्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे.
२. सिस्को राउटरवर 'आयपी मल्टिकास्ट-राउटिंग' ही आज्ञा देऊन सुविधा सुरू करावी.
३. प्रवाह ज्या ज्या इंटरफेसवरून जाणार, त्या प्रत्येकावर 'आयपी पीआयएम स्पार्स-मोड' ही आज्ञा द्यावी. मधला एक जरी सुटला तरी पुढची सर्व गावे कोरडी राहतात.
४. प्रक्षेपक आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारा 'रॉन्देव्हू पॉइंट' निश्चित करून त्याचा पत्ता सर्व राउटरना सारखाच द्यावा.
५. स्विचवर 'आयजीएमपी स्नूपिंग' चालू ठेवावे. अन्यथा मागणी नसलेल्या संगणकांकडेही प्रवाह धावतो.

नेहमीच्या अडचणी

प्रवाह ज्या दिशेने आला, त्याच दिशेने उगमाकडे परतीचा मार्ग आहे ना, हे राउटर तपासतो. तसा नसल्यास पॅकेट टाकून दिले जाते. दोन वाहिन्या असलेल्या जाळ्यात हा घोटाळा हमखास होतो. दुसरे कारण 'टीटीएल' या आकड्याचे. अनेक प्रणाली तो १ ठेवतात, त्यामुळे पॅकेट पहिला राउटरही ओलांडत नाही.

मर्यादाही लक्षात घ्यावी. सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट सर्वसाधारणपणे चालत नाही, ते स्वतःच्या किंवा एकाच सेवादात्याच्या जाळ्यातच उपयोगी पडते. शिवाय हरवलेले पॅकेट पुन्हा मागविण्याची सोय त्यात मुळात नाही.

कालव्याशी असलेले साम्य येथे संपते. पाणी वाटले की घटते, म्हणूनच शेपटाकडील शेतकऱ्याला कायम धास्ती असते. येथे प्रवाहाची वाटणी होत नाही, प्रत निघते. जोडणी नीट केली, तर शेवटच्या गावालाही पहिल्या गावाइतकेच मिळते.