दमलेली भवानी

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. भाद्रपद वद्य अष्टमीला ती पलंगावर जाते, ती घटस्थापनेच्या पहाटेच उठते. ही घोर निद्रा. दसऱ्याचं सीमोल्लंघन आटोपलं की कोजागरीपर्यंत पुन्हा निजते, ही श्रमनिद्रा. तिसऱ्यांदा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर. या दिवसांत सिंहासन रिकामं असतं आणि भाविक शेजघरातल्या पलंगावर निजलेल्या देवीचं दर्शन घेऊन परततात. बहुतेक देवळांत मूर्ती एकदा बसवली की बसवली. इथे मात्र भोपे पुजारी ती उचलतात, नेतात, निजवतात, पुन्हा आणून बसवतात.

माझी आजी बार्शीकडची, आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी, पाच घरचा जोगवा. घोर निद्रेच्या दिवसांत ती स्वतः गादीवर झोपत नसे. घोंगडं अंथरायची आणि आम्हा पोरांना दम भरायची, "हळू बोला, आई निजलीय." तुळजापूर तिथून पाऊण दिवसाच्या वाटेवर, तरी तिला वाटायचं आमचा दंगा तिथवर पोचेल.

मी एकदा विचारलं होतं, देवी कशाला झोपते? राक्षस मारणारीला कसली झोप?

"दमती की," आजी परडीतलं पीठ चाळता चाळता म्हणाली. "नऊ दिवस उभ्यानं लढायचं म्हंजे काय खाऊ हाय व्हय?"

ते दसऱ्यानंतरचं झालं. मग लढाईच्या आधी कशाला झोपते?

"आदी निजली न्हाई तर हात चालल का?"

पुढे देवीमाहात्म्य वाचलं तेव्हा आजीच्या या हिशेबाला पोथीतही आधार सापडला. मार्कंडेय पुराणातल्या तेरा अध्यायांच्या या ग्रंथात देवीचा पहिला प्रवेश शस्त्र घेऊन होतच नाही. मधु-कैटभांच्या कथेत ती विष्णूच्या डोळ्यांवर बसलेली योगनिद्रा आहे. ती उतरते तेव्हा कुठे विष्णू उठतो आणि लढतो. पुढे देव तिची स्तुती करतात तेव्हाही शक्ती, दया यांच्या रांगेत झोप आणि भूक बसवलेल्या आहेत. सगळ्या जीवांच्या झोपेत जी राहते तिने स्वतः झोपावं, हे तुळजापूरच्या लोकांना कधी विचित्र वाटलं नसेल. विचित्र वाटतं ते आपल्याला, कारण उग्र देवता म्हटलं की आपल्यासमोर कॅलेंडरवरचं चित्र येतं: विस्फारलेले डोळे, उगारलेले हात, आणि तो क्षण कायमचा गोठलेला.

प्रत्यक्ष मूर्ती तीनेक फुटांची, काळ्या गंडकी शिळेची, अष्टभुजा. एरवी दिसतो तो मळवट भरलेला मुखवट्यासारखा चेहरा, आणि खाली साडी, दागिने, हार यांचा डोंगर. खरी मूर्ती कळते अभिषेकाच्या वेळी. हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र. आठव्या हाताकडे मात्र बघत राहावं. त्या हाताने तिने दैत्याची शेंडी धरली आहे. उजवा पाय महिषावर, त्रिशूळ दैत्याच्या बरगडीत, आणि शेंडी मुठीत. मानेपाशी वार करण्याच्या आधी जनावर हलू नये म्हणून धरावं तशी ही पकड आहे, तिच्यात नाटकीपणा काही नाही. पाठीला भाता, दोन बाजूंना चंद्र-सूर्य. खाली एकीकडे सिंह आणि पुराण सांगणारे मार्कंडेय ऋषी, दुसरीकडे तप करणारी एक बाई.

पानपात्राबद्दल घरात कोणी बोलत नसे. माहात्म्यात ते कुबेराने दिलेलं, कधी रिकामं न होणारं. महिषाला मारण्याआधी देवी त्यातून पुन्हा पुन्हा पिते, तिचे डोळे लाल होतात, ती हसते, आणि त्याला सांगते की मी पीत आहे तोवर गर्जून घे. आजीला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिच्या गोष्टीत देवी ताक प्यायची.

आजीचं खरं प्रेम होतं त्या तप करणाऱ्या बाईवर. ती अनुभूती, कर्दम ऋषींची बायको. नवरा गेला, पदरात लहान मूल. सती जायला निघाली तर लेकुरवाळीला ती वाट नाही म्हणून अडवली. मग मूल आश्रमात ठेवून मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाच्या दैत्याची नजर तिच्यावर गेली. तिने धावा केला आणि देवी त्वरेने आली, म्हणून त्वरिता, तुरजा, तुळजा. कुकुराने रेड्याचं रूप घेतलं आणि त्रिशुळाने मेला. म्हणजे देवांचं राज्य परत मिळवून देणारी ती पुराणातली महिषासुरमर्दिनी इथे एका एकट्या बाईच्या हाकेला आलेली आहे. आजी स्वतः पंचविशीच्या आत विधवा झालेली. इंद्राचं सिंहासन गेलं-आलं यात तिला काडीचा रस नव्हता. कुकुर मात्र ती असा रंगवायची, की तो आमच्याच गल्लीत राहून गेला असावा.

पलंगाची गोष्ट चुलत आजोबांची. ते नगरकडे बरीच वर्षं नोकरीला होते, म्हणून त्यांना तिकडून येणाऱ्या देवीच्या पालखीचा अभिमान. बुऱ्हाणनगरात जानकोजी नावाचा तेली होता, देवीचा भक्त. देवी त्याच्या घरी लहान मुलगी होऊन राहिली, घाण्यापाशी खेळली, आणि एक दिवस नाहीशी झाली. तो वेडापिसा होऊन शोधत निघाला तेव्हा तिने शब्द दिला: दसऱ्याला तुझ्याच पालखीत बसेन, तुझ्याच पलंगावर निजेन. अजूनही पालखी बुऱ्हाणनगराहून येते, आणि पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून जुन्नर, नगर करत गावोगावच्या मुक्कामांनी येतो. सीमोल्लंघनाच्या वेळी मूर्तीला इजा होऊ नये म्हणून साड्यांवर साड्या गुंडाळतात, पालखीत घालून देवळाभोवती मिरवतात आणि मग निजवतात. निद्रेआधी गाद्या उसवून कापूस पिंजायचा, वेचायचा, नवी खोळ चढवायची. आजी एक-दोनदा त्या कामाला बसली होती आणि आयुष्यभर तेवढंच सांगायची. गर्दी, दागिने, महाद्वार, कल्लोळ तीर्थ यातलं काही नाही. कापसात एक बारीक काडी राहिली होती, ती तिने काढली, नाहीतर आईला रात्रभर टोचली असती.

आता अफझलखान. १६५९ साली तो विजापूरहून निघाला आणि तुळजापुराला त्याने उपद्रव दिला, एवढं बखरींतून येतं. कृष्णाजी अनंत सभासदाने सुमारे चाळीस वर्षांनी जिंजीत बखर लिहिली, तिच्यात देवी फोडून, जात्यात घालून पीठ केल्याचं सांगितलं आहे. देवळाची परंपरा म्हणते, पुजाऱ्यांनी खरी मूर्ती आधीच हलवली होती. अभ्यासकांनी यावर बरीच शाई खर्च केली आहे. ग. ह. खरे यांच्या 'महाराष्ट्राची चार दैवते'त आणि रा. चिं. ढेरे यांच्या तुळजाभवानीवरच्या ग्रंथात या देवीची ऐतिहासिक छाननी आहे. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, यामागे तुळजापूरची वाट तेव्हा त्यांच्या मुलखाबाहेर होती हे साधं कारण पुरेसं वाटतं.

आजीकडे या वादाचा निकाल तयार होता. "खान आला तवा ती पलंगावर हुती. भोप्यांनी गादीसकट उचलली अन् नेली. वर्साला तीनदा उचलायची सवय त्यांला. खानानं रिकाम्या शिंव्हासनावर घाव घातला." मग पीठ कशाचं केलं? "दुसऱ्या कुठल्या तरी धोंड्याचं. त्याला काय कळतंय?"

इतिहास म्हणून याला किंमत नाही, हे मला मान्य आहे. खान आला तेव्हा भाद्रपद होता की आषाढ, हे आजीने कधी पाहिलं नव्हतं. पण निजवण्याची रीत आणि वाचवल्याची गोष्ट तिने सहज एका दाव्याला बांधली होती, आणि मला तो तर्क अजून मोहवतो. जी देवी उचलता येते तिलाच लपवता येतं. ही रीत आधीची की संकटाने शिकवलेली, असा प्रश्न निदान विचारता तरी येतो. देवीचं उग्रपण मूर्तीच्या हातांत, आणि तिची काळजी भोप्यांच्या खांद्यावर, असा हा व्यवहार आहे. नवमीला होमकुंडापाशी अजाबळी देणारे आणि कापसातली काडी वेचणारे लोक एकाच गावात राहतात.

घरची परडी आता आत्याकडे आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापुरापर्यंत रात्रभर माणसांची रांग चालत असते, पंचेचाळीसेक किलोमीटर. कर्नाटक, तेलंगणातून आलेले लोक त्यात मिसळतात, "आई राजा उदो उदो" सगळ्यांचं एकच. गुडघे धरले तरी आत्या त्यात असते. बरोबर कोणी नवखा असला की तिची एक ताकीद ठरलेली: पुढे गेल्यावर हात जोड, कुंकू लाव आणि बाजूला हो, लग्न-नोकरी-कर्ज यातलं आज काही मागू नकोस. ती आत्ताच उठलीय.